तिसऱ्या नंबरची सीट

दत्तोबांची मॉरिस गाडी घाट चढून आली ती पहिल्या गिअरमध्येच. खोपोलीहून निघताना ठीक होती. अर्ध्या घाटात सायलेन्सरमधून फटफट सुरू झाली, जोर गेला, आणि मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खात म्हातारा कसाबसा लोणावळ्यात शिरला. गाडी त्यांनी टाकव्याला घरी नेलीच नाही. थेट भांगरवाडीत शमीम मुलाणीच्या दुकानापुढं उभी केली आणि खाली उतरून बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

शमीम इंजिनांची हेडं, म्हणजे इंजिनाचा वरचा बिडाचा भाग, दुरुस्त करते. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला जुनी ओढणी गुंडाळलेली, नखांत कायमचं काळं. दुकान तिच्या वडिलांचं, वाहिदभाईंचं. भाऊ होता, पण तो चिक्कीच्या दुकानात रमला. एकोणिसाव्या वर्षी शमीमनं मशीन धरलं ते आजपर्यंत. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक दारात यायचं, तिच्या डोक्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, “मिस्त्री कुठंयत?” आता कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत कुणी तसं विचारत नाही.

“आबा, टॅपेट कितीदा सैल करता?” तिनं विचारलं.

“म्हैन्याला एकदा. कवा कवा दोनदा,” दत्तोबा म्हणाले. “आपोआप आवळत्यात. मला वाटलं, माजाच हात बिगाडला.”

शमीमनं इंजिनाकडं पाहिलं. टॅपेट म्हणजे वॉल्व्ह दाबणारी जोडणी; तिच्यात आणि वॉल्व्हमध्ये केसभर फट ठेवावी लागते. झिजलं की फट वाढते, हे कुणालाही कळतं. इथं फट कमी होत होती. म्हणजे धूर बाहेर सोडणारे वॉल्व्ह ज्या कडेवर टेकतात, ती कड, ती सीटच, खाल्ली जात होती, आणि वॉल्व्ह हेडमध्ये आत आत रुतत चालले होते.

“जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, आबा. त्याचा पातळ थर या सीटवर बसायचा. गादीसारखा. पंचवीस वर्षांपूर्वी पेट्रोलमधलं शिसं काढलं. हवेच्या दृष्टीनं बरंच झालं. पण तुमच्या गाडीचं हेड सत्तावन्न सालचं. सीट वेगळी बसवलेली नाही, बिडातच कापलेली आहे. आता लोखंडावर लोखंड आपटतंय.”

“मग येवढी वर्सं कशी चालली?”

“बंगल्यावर असताना गाडी जायची कुठं?”

“बाजारात. आन बाईंना घेऊन टेशनावर.”

“आणि आता?”

दत्तोबा जरा ओशाळले. “आता टाकवं, वडगाव, तळेगाव. आज खोपोली, भनीकडं.”

तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर दत्तोबांनी एकतीस वर्षं ड्रायव्हरकी केली. बंगल्याच्या बाईंना मूलबाळ नव्हतं. जाण्याआधी त्यांनी गाडी दत्तोबांच्या नावावर केली. दुसऱ्याची म्हणून आयुष्यभर पुसलेली गाडी वयाच्या सत्तराव्या वर्षी आपली झाली, तेव्हा म्हाताऱ्यानं ती मनसोक्त पळवली. तीन वर्षांत, तापलेल्या इंजिनावर, लांब लांब. त्या तीन वर्षांनीच सीटा खाल्ल्या.

“यात पोलादी रिंगा बसवाव्या लागतील,” शमीम म्हणाली. “पण मी नाही करत ते काम. पुण्याला पाठवा.”

पुण्यात विचारून झालं. तीन आठवडे थांबा म्हणाले. आणि शुक्रवारी गाडीचं पासिंग होतं. नोंदणीची मुदत संपत आली होती. दत्तोबांचा मुलगा सत्यम नवलाख उंबऱ्याला कारखान्यात कामाला. तो दुपारी आला आणि उभ्या उभ्याच बोलला.

“मावशी, स्पष्ट सांगतो. ह्या वेळी पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात. आबांचं वय झालंय. कुठं घाटात बंद पडली तर कोण धावणार? बाटलीतलं औषध मिळतं ना, पेट्रोलमध्ये टाकायचं? तेवढं टाकून शुक्रवार काढा.”

“औषध चांगल्या सीटला. खाल्लेली सीट त्यानं भरून येत नाही.”

दत्तोबा पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी शमीमनं शटर निम्मं ओढलं तरी बसलेच होते.

शमीम हे काम का टाळत होती, ते वाहिदभाईंना ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी तिनं तळेगावच्या एका गृहस्थांच्या जुन्या गाडीचं हेड असंच कापायला घेतलं होतं. रिंग बसवायची तर हेडमध्ये गोल खाच खोदावी लागते, आणि खाचेच्या खाली काही अंतरावर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी असते. ते अंतर बाहेरून दिसत नाही. ओतताना बीड कुठं जाड पडलंय, कुठं पातळ, ते आत गेल्यावरच कळतं. कटर पोकळीत घुसला आणि हेडला हे एवढं भगदाड पडलं. गृहस्थ चिडले नाहीत. हेड गोणपाटात गुंडाळून त्यांनी मुलासारखं उचललं आणि घेऊन गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर शमीमला झोप तरी लागली असती.

“अब्बा, काय करू?” तिनं घरी विचारलं.

वाहिदभाईंचे हात आता थरथरतात. चहाची बशी दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, “तू नाही केलंस तर गाडी भंगारात जाणार. केलंस आणि फुटलं, तरी भंगारातच जाणार. मग भीती कुणाची आहे? गाडीची का तुझी?”

मंगळवारी सकाळी तिनं हेड उतरवलं. वॉल्व्ह काढले. धुराच्या चारही सीटा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. दत्तोबांना तिनं जवळ बोलावलं. “आबा, हे बघा. इथं फुटू शकतं. फुटलं तर दुसरं हेड मिळेल याचा भरवसा नाही. मी आधीच सांगते.”

“तुजा हात चालू दे,” दत्तोबा म्हणाले. “मी हितंच हाय.”

पहिली खाच नीट उतरली. चौथी उतरली. मग दुसरी. प्रत्येकीला अर्धा तास. कटर फिरताना शमीम मान तिरकी करून आवाज ऐकत होती, कारण बीड पातळ झालं की आवाज पोकळ होतो. सत्यम रात्रपाळी करून आला होता, भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे तांबारले होते, पण घरी जात नव्हता.

तिसरी खाच शेवटी ठेवली होती. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरचा धूर एकाच वाटेनं बाहेर पडतो, त्यामुळं ती जागा सगळ्यात जास्त तापलेली असते. खोली पुरी व्हायला केसभर अंतर राहिलं होतं. आवाज बदलला नव्हता. तरी शमीमनं मशीन थांबवलं, फुंकर मारून बिडाची भुकटी उडवली आणि बॅटरी लावून पाहिलं.

खाचेच्या तळाला मोहरीएवढा काळा ठिपका होता. तिनं बोटानं पुसला. बोटाला तांबूस ओल लागली. आतल्या पाण्याचा गंज.

तिनं बॅटरी विझवली.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. शमीम वाकूनच राहिली. रिंग बसवली की ठिपका झाकला जाणार होता. कुणाला दिसलं नसतं. शुक्रवारचं पासिंग झालं असतं. पुढं कधीतरी, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पाणी झिरपून आत गेलं असतं आणि इंजिन अडकलं असतं. तेव्हा म्हाताऱ्यानं गाडीला दोष दिला असता, स्वतःला दिला असता. तिला कुणी विचारलं नसतं.

ती सरळ झाली.

“आबा, या इकडं. भोक पडलंय.”

दत्तोबा आले. वाकून त्यांना नीट दिसेना. सत्यमनं मोबाइलचा उजेड धरला. “हे?” तो म्हणाला. “एवढंसं?”

“एवढंसंच पुरतं. रिंग बसवून झाकता येईल. पण ते टिकणार नाही.”

सत्यमचा आवाज चढला. “मी काल काय म्हणालो होतो? औषध टाका म्हणालो होतो ना? निदान गाडी चालत तरी होती!”

“सत्या, गप,” दत्तोबा म्हणाले. मग शमीमकडं वळले. “मग आता?”

मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले वाहिदभाई उठले, भिंत धरत बाकापाशी आले. नखानं त्यांनी तो ठिपका चाचपला. आजूबाजूलाही चाचपलं.

“कड पक्की आहे,” ते म्हणाले. “भोक मोठं कर. आटे पाड. पेच घाल, वरून सपाट काप. मग रिंग बसव. पाण्याच्या पंपांना मी असे कितीतरी पेच घातलेत.”

“आजूबाजूला तळ दोन मिलिमीटरच उरलाय, अब्बा. चार आटे तरी पडतील का?”

“तीन पडले तरी पुरे. पण आटे पाडायचा टॅप आत मोडला तर संपलं.” त्यांनी स्वतःचे हात वर करून तिला दाखवले. दोन्ही पंजे हवेत थरथरत होते. “माझ्याकडं बघू नकोस.”

शमीमनं दत्तोबांना विचारलं. ते म्हणाले, “तू झाकलं न्हाईस. तवा कर, तुला काय करायचं ते.”

ड्रिलनं तिनं भोक गोल केलं. मग काडीएवढा बारीक टॅप हातात घेतला. तो पोलादाचा असतो, पण काचेसारखा ठिसूळ. जरा तिरका दाब पडला की कट्‌कन मोडतो, आणि मोडलेला तुकडा निघता निघत नाही. तेलाचा थेंब. पाव फेरा पुढं, तेवढाच मागं. पाव पुढं, पाव मागं. एका जागी टॅप अडला. शमीमनं हात सोडला नाही, जोरही लावला नाही. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याला आला. सत्यमनं पुढं होऊन आपल्या रुमालानं तो टिपला आणि परत मागं सरला. बारीकशी कुरकुर झाली आणि टॅप फिरला.

तीन आटे पडले. चौथा अर्धा.

पेचाला झिरपण बंद करणारा लेप लावून तिनं तो आवळला, वरून कापला, घासून सपाट केला. मग कटर लावून उरलेली केसभर खोली घेतली. ते काही सेकंद तिला सगळ्यात लांब वाटले.

बुधवारी दुपारी हेड शेजारच्या बेकरीच्या भट्टीत गेलं. पावांची खेप निघाली होती, भट्टी उतरतीला लागली होती. रिंगा आदल्या दिवसापासून आइसक्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये होत्या. तापून फुगलेलं हेड आणि गारठून आकसलेली रिंग, पहिल्या चार-पाच सेकंदांत बसली तर बसली. नंतर ती अशी आवळते की घणानंही निघत नाही. सत्यमनं जाड हातमोजे घालून हेड धावत आणलं. शमीमनं एकामागून एक रिंग सोडली. टक्‌. टक्‌. टक्‌. तिसऱ्या नंबरची जराशी तिरकी पडली. शमीमनं मुठीतल्या पितळी ठोकणीचा एकच फटका दिला, आणि ती खाली गेली.

हेड गार झाल्यावर सगळी भोकं रबर लावून बंद केली, ते कोमट पाण्याच्या पिंपात बुडवलं आणि आत हवा सोडली. चौघंही पिंपावर वाकले. एक बुडबुडा वर आला. सत्यमनं श्वास रोखला. दुसरा आला नाही. तो रबराच्या कडेला अडकलेल्या हवेचा होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी जागचं हललं नाही.

वाहिदभाई खुर्चीकडं परत गेले आणि म्हणाले, “आता चहा.”

गुरुवारी नवे वॉल्व्ह बसवून गाडी जोडून झाली, पण शमीम म्हणाली, “घाट चढल्याशिवाय मी देणार नाही.” दत्तोबा चालवायला, ती शेजारी. खोपोलीपर्यंत उतरले आणि लगेच परत फिरले. ऊन चढलं होतं. वळणावळणाला इंजिनाचा सूर जड व्हायचा, शमीमचा हात डॅशबोर्डवर घट्ट व्हायचा. ज्या वळणावर सोमवारी फटफट सुरू झाली होती, तिथं दत्तोबांनी पाय थोडा सैल केला.

“सोडू नका, आबा,” शमीम म्हणाली. “आत्ताच कळू दे.”

त्यांनी पाय दाबला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारखी गुणगुणत वळण चढून गेली. खंडाळ्याला कडेला गाडी लावून शमीमनं तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं. बोटं भाजत होती. फट मोजायची पातळ पट्टी तिनं तिसऱ्या नंबरच्या टॅपेटमध्ये सरकवली. कामगार इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. सकाळी तिनं बाराची फट लावली होती. बाराची पट्टी अलगद आत गेली, जरा धरून, जशी जायला हवी तशी.

“किती?” दत्तोबांनी विचारलं.

“बारा.”

म्हातारा कठड्यापाशी गेला आणि दरीकडं तोंड करून उभा राहिला. शमीमनं झाकण परत बसवलं.

शुक्रवारी पासिंग झालं. आरटीओच्या साहेबांनी चासीचा नंबर पाहिला, दिवे, ब्रेक, धूर पाहिला, आणि आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली. सत्यम सुट्टी काढून बरोबर गेला होता. परत येताना तो भांगरवाडीत उतरला आणि म्हणाला, “मावशी, मी त्या दिवशी चढ्या आवाजात बोललो.” शमीम म्हणाली, “तुझ्या जागी मीही बोलले असते.”

त्यानंतर सहा महिन्यांनी दत्तोबा तपासणीला आले. पहिली, दुसरी, चौथी बाराच. तिसऱ्या नंबरला बाराची पट्टी जाईना, साडेअकराला गेली. शमीमनं तीनदा मोजलं. रिंग बसत असेल, नाहीतर वॉल्व्ह नवा असल्यामुळं असेल, काहीही असेल. तिनं तसं म्हाताऱ्याला सांगितलं, फट परत लावून दिली, साठच्या पुढं पळवायची नाही म्हणून बजावलं आणि दर दोन महिन्यांनी यायला सांगितलं.

“आन ही बी खाल्ली तर?” दत्तोबांनी विचारलं.

“तर परत बघू,” शमीम म्हणाली आणि बाकावरच्या हेडकडं वळली. ते वडगावहून आलेलं होतं, जुनंच, बिडाचं. मालक बाहेर पायरीवर बसला होता. तिनं त्याला आत बोलावलं, पेन्सिलीनं चार जागी खूण केली आणि फुटण्याची भीती नेमकी कुठं आहे, ते त्याला दाखवायला सुरुवात केली.