दोन्ही हात जोडले तेव्हा

मोटार चालवताना दोन्ही हात सोडू नयेत, हे पोरासोरांनाही कळतं. मी मात्र कार्ल्याचा डोंगर दिसताच दोन्ही हात जोडले. भक्तीनं म्हणावं तर तसंही नाही. नवस बायकोचा होता. मुलीचा विषमज्वर उतरला तर एकवीरा आईची ओटी भरीन, असं ती बोलली होती. पोर औषधानं बरी झाली, असं माझं मत. पण मागच्या सीटवरून बायको आरशात बघतेय म्हणून डोळेही मिटून घेतले.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळे, म्हणून उतार लागला की मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन बंद करी. या कलेचा मला भारी अभिमान. विलायतेला परतलेल्या कुणा साहेबाची ती जुनी मोटार, रबरी भोंग्याची. स्टिअरिंगच्या चाकावरचा हात जरा सैल पडला की डावीकडे ओढ घेई. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरीही.

डोळे उघडले तेव्हा डावं चाक रस्त्याखाली उतरलं होतं आणि समोर ओढ्याची घळ होती. ब्रेक दाबला, पण सगळ्या उतारावर दाबून दाबून तो तापला होता, लागेचना. गिअर तर मीच काढून ठेवलेला. त्या क्षणी माझी सगळी मतं कुठं गेली कोण जाणे. मागे पोर बसलीय, एवढंच आठवलं. तोंडातून ‘आई’ निघालं आणि समोर सगळं पिवळं झालं.

घळीच्या काठावर भाताच्या पेंढ्याची रास होती, तिच्यात आम्ही बोनेटसकट घुसलो होतो. मागे वळून बघायचा धीर होईना. इतक्यात आवाज आला, “बाबा, नारळ नाही फुटला.” ओटीचा नारळ पोरीनं पोटाशी धरून ठेवला होता.

औंढे गावचा एक म्हातारा बैलगाडीवान धावत आला. पोरीला त्यानं अलगद बाहेर घेतलं, तिच्या केसांतल्या काड्या काढल्या.

“सकाळधरनं आईला शिव्या घालतोय बगा,” तो म्हणाला. “गाडीचा आख मोडला, समदा पेंढा हितंच उतरवावा लागला. म्हनलं, आज माज्याच मागं का लागलीस? आता कळलं.”

त्याच्याच बैलांनी मोटार ओढून काढली. मी आभार मानू लागलो तर म्हणाला, “माजं कशापायी? वर जाऊन तिला सांगा.”

आता ती मोटार नाही, पोर सासरी नांदते आहे. सुगीनंतर मावळात कुठंही वाळल्या पेंढ्याचा वास आला की माझा पाय अजून नसलेला ब्रेक शोधतो. कुणी योगायोग म्हणेल, मी वाद घालत नाही. एवढंच कळलं, की माझ्या हातात जे आहे ते मी धरून ठेवावं आणि जे नाही ते तिच्या पायाशी ठेवावं. मी नेमकं उलट करत होतो.

त्या दिवशी डोंगराच्या पायऱ्या चढताना बायकोनं ओटीचा नारळ स्वतःकडे घेतला. मग पदर सावरत म्हणाली, “यापुढं तुमच्या वाटणीचा नमस्कारही मीच करीन. तुम्ही चाक धरा.”