नवरदेवाला धुरी

माझ्या बहिणीच्या लग्नात होम दोन झाले. एक भटजींनी केला, दुसरा मी.

तेव्हा ऐंशीचं दशक चालू होतं आणि आमची जुनी गाडी कशीबशी. सकाळी ती असा निळा धूर सोडायची की मुलुंडच्या आमच्या सोसायटीत खिडक्या धडाधड लागायच्या. बेबीच्या साखरपुड्याला घाटकोपरला गेलो, तर होणारे व्याही गॅलरीतून ओरडले, "या, या! धूर दिसला तेव्हाच चहा टाकला!" सगळे हसले. बेबी सोडून. परतताना तिने बजावलं, "दादा, नवऱ्याला हॉलवर आणायला हे धुराडं गेलं ना, तर मी बोहल्यावर चढणार नाही. सांगून ठेवते!"

झालं! गॅरेजवाला म्हणाला, "वॉल सील गेलेत. इंजिन खोलावं लागेल. लग्नानंतर या." वॉल सील म्हणजे इंजिनातल्या वॉलच्या, म्हणजे झडपेच्या, दांडीवरची रबराची टोपी. ती कडक झाली की ऑइल खाली गळतं आणि जळतं. एवढीशी टोपी! (बाहुलीलासुद्धा घट्ट झाली असती.) मी ठरवलं, घरीच बदलायची. बँकेतल्या परेराने युक्ती सांगितली. प्लगच्या भोकातून आत दोरी कोंबायची आणि पिस्टन वर आणायचा. दोरी वॉलना खालून टेकू देते, ते आत पडत नाहीत, मग टोप्या बदलायच्या. "पण दोरी नायलॉनची घे हां, मॅन!"

मी नायलॉनची दोरी आणली. आईने तिच्यावर पाहुण्यांचे टॉवेल वाळत घातले.

"नायलॉन कित्याक होयो?" बाबा म्हणाले. बाबा मालवणचे. काथ्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. "होडी बांधूक काथ्यो चलता, तर तुझ्या गाडयेक चलाचो नाय?"

आणि मांडव बांधून उरलेला काथ्या माझ्या हातात आला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात एका बाजूला मी इंजिन उघडून बसलो, दुसऱ्या बाजूला बायका लाडू वळत होत्या. वॉलची स्प्रिंग दाबायची आणि तिला धरून ठेवणारी दोन लॉकं काढायची. लॉक म्हणजे डाळिंबाच्या दाण्याएवढा लोखंडी तुकडा. मी स्प्रिंग दाबली, हात सटकला आणि टिंग! लॉक उडालं ते थेट बुंदीच्या परातीकडे!

"आत्या, कुठे पडलं?" मी किंचाळलो.

"मेल्या, मी लाडू वळू की तुझा नेम बघू?"

"अगं, ते मिळालं नाही तर गाडी चालणार नाही!"

"आणि व्याह्यांच्या दाढेखाली मिळालं तर लग्न चालेल?"

वळलेला लाडू न् लाडू फोडला. लॉक सापडलं ते शेवटच्या लाडवात! आत्याने आधी ते चाटलं, मग पदराला पुसून दिलं. (आमच्याकडे पाक वाया जात नाही.)

टोप्या बसल्या. आता दोरी बाहेर ओढायची. पण आत गेला होता तो दोरखंड, बाहेर आली ती उंदराची शेपटी! बाकीचा काथ्या इंजिनाने ठेवून घेतला. चिमटा झाला, विणायची सुई झाली, बोटं सोलली. मी टेकीला आलो.

"बाबा, आत राहिला हो!"

"रवांदे रे. जळान जायत."

बाबांचं हे एकच भाकीत आयुष्यात खरं ठरलं.

सकाळी गाडी खोकली, शिंकली, मागून काथ्याची काडी थुंकली आणि काय सांगू, धूर नाही! बेबीने मेंदीच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मी छाती काढून घाटकोपरला पोचलो. व्याही गॅलरीतच. "अरेच्चा, आलात? मग धूर कुठाय? आम्ही चहाच नाही टाकला!"

पांढऱ्या सफारीतले, मुंडावळ्या बांधलेले नवरदेव मागे बसले. भांडुपच्या बाजारापाशी ते हळूच म्हणाले, "दादा, डासांना धुरी घातलीय का कोणी?"

मी आरशात पाहिलं. आरशात नवरदेव नव्हतेच! नुसता धूर! इंजिनाने थुंकलेला काथ्या सायलेन्सरमध्ये अडकून धुमसत होता आणि धूर गाडीच्या गंजलेल्या तळाच्या भोकातून नवरदेवांकडे येत होता. मागचं दार आतून उघडत नसे. मी उतरून धावलो, पण बाजारातली कोळीण माझ्याआधी पोचली.

"अगो बाय, नवरा जलला गो!"

आणि तिने मासळीच्या बर्फाचं बादलीभर पाणी खिडकीतून आत फेकलं.

हॉलवर पोचले तेव्हा नवरदेवांच्या अंगाला चुलीवर टांगलेल्या बांगड्याचा वास येत होता. मुंडावळीत एक खवला चमकत होता. "पोरगी आता बोहल्यावर चढते कसली!" म्हणून मी खांबामागे लपलो. पण बेबी चढली. अंतरपाट दूर झाला, तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग मान वळवून मला शोधलं. तिचे डोळे पाहून मला त्या काथ्याचा हेवा वाटला. तो निदान जळून सुटला होता!

मग भटजींनी होम पेटवला. धूर पाहताच नवरदेव दचकून उठले, त्यांना धरून बसवलं. आता कानपिळीचा मान माझा, नवरीच्या भावाचा. मी हात त्यांच्या कानाकडे नेला. त्यांनी तो शांतपणे बाजूला केला.

"दादा, आज कान तुमचा."

एक कान त्यांनी पिळला. दुसरा बेबीने. माझी किंकाळी हॉलभर घुमली आणि व्याही, साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच, समाधानाने हसले.

त्या दोघांचा संसार पुढे झकास झाला. होणारच! जोडीने केलेलं पहिलंच काम त्यांनी इतकं मनापासून केलं होतं.