गल्लीच्या मतांचं विमान

नत्थुजींच्या तेरवीला मांडवात कोणीतरी गोपाळकृष्णांच्या हातात माइक दिला. "सर, तुम्ही बोला दोन शब्द. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?"

गोपाळकृष्ण उभे राहिले, घसा खाकरला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला सांगता येईल असं फारसं काही नाहीच. नत्थुजींचं गाव शेंदूरजनाघाट, नोकरी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, बियाण्याच्या गोदामावर. एवढं तर मांडवातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण त्यांची शाळा कोणती, आई कधी गेली, डावा पाय जरासा ओढत चालत ते कशामुळे, हे इतक्या वर्षांत विचारायचं राहूनच गेलं होतं. नत्थुजींची मतं तेवढी गोपाळकृष्णांना पाठ होती. आणि त्यातली गंमत अशी की ती बहुतेक मतं नत्थुजींची नव्हतीच.

"फार चांगला माणूस होता," एवढं म्हणून ते खाली बसले. घरी जाईपर्यंत मनातल्या मनात मात्र ते बोलतच राहिले.

दोघांची ओळख अपडाउनची. राहायचं अमरावतीत आणि नोकरी अकोल्यात, अशा माणसांचा एक जथाच असे. सकाळी बडनेऱ्याला गाडी धरायची, संध्याकाळी परत यायचं. गोपाळकृष्ण अकोल्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवायचे. स्वभाव बुजरा; डब्यात खिडकीशी बसून बाहेरच्या कपाशीच्या शेतांतली पऱ्हाटी बघत राहायचे. नत्थुजी मात्र मधोमध उभे. कोणताही विषय निघाला की दोन्ही हात वर करून म्हणत, "थांबा जी! पब्लिकले विचारू." मग मूर्तिजापूर येईपर्यंत एकेकाला विचारत फिरत. कोणाची मुलगी नागपूरच्या स्थळी द्यावी की नाही, कोणी घराला कोणता रंग लावावा, सगळ्याचा निकाल डब्यात लागे. एकदा लागला की तो नत्थुजींचाही निकाल. "आपलं बी मत तेच हाय," असं म्हणून ते बसून घेत.

गोपाळकृष्णांनी स्कूटर घ्यायची ठरवली तेव्हा डब्याने हिरवा रंग ठरवला. गोपाळकृष्णांना हिरवा रंग मुळीच आवडत नसे. पण स्कूटर हिरवीच आली, आणि वर्षानुवर्षं ती चालवताना त्यांना उगाच वाटायचं, मागे अख्खा डबा बसलाय.

मग एकेक जण निवृत्त झाला. योगायोगाने दोघांची घरं अमरावतीतच, नवसारी भागाच्या पुढच्या एकाच ले-आउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, एकाच गल्लीत झाली. पण आता डबा नव्हता. नत्थुजी सकाळी फाटकाशी उभे राहत, पेपर घडी घालून हातात, आणि विचारायला कोणी नसे. घरात तर त्यांच्या मताची गरजच नव्हती. घर मैनाबाई चालवत. नत्थुजींनी तोंड उघडलं की त्या म्हणत, "अवो रागिणीचे बाबा, तुमच्या मताले कोन विचारते? भाजी निवडा."

रागिणी त्यांची एकुलती मुलगी, बंगलोरला नोकरीला, तिथेच लग्न करून राहिलेली. तिने घर घेतलं, पण आईने ते पाहिलं नव्हतं. मैनाबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. रेल्वेचा इतका लांबचा प्रवास डॉक्टरांनी नको सांगितला होता. रागिणी म्हणे, मी विमानाचं तिकीट काढते. मैनाबाई म्हणत, "लेकीच्या पैशानं मी लेकीच्या घरी जाऊ? लोक शेण घालतीन तोंडात." नत्थुजी म्हणत, मग मी काढतो. त्यावर त्या म्हणत, "तेवढ्या पैशात दुधाची म्हैस येते. इमान दूध देते का?" अशी दोन्हीकडून वाट बंद. फोनवर रागिणी घर फिरवून दाखवायची आणि मैनाबाई म्हणायच्या, "हे काय, अर्धी भिंतच दिसून राहिली." फोन ठेवल्यावर मात्र त्या विझलेला पडदा पदराने पुसत राहायच्या. ते नत्थुजींनी पाहिलं होतं.

एका दिवाळीला रागिणी आली आणि तिने बाबांच्या फोनवर एक खातं उघडून दिलं. कंपन्या प्रश्न विचारतात, आपण मत द्यायचं. त्याचे गुण साठतात, आणि दर महिन्याला ते विमान कंपनीच्या खात्यात माइल म्हणून जमा होतात. पुरेसे झाले की तिकीट फुकट.

नत्थुजी तडक गोपाळकृष्णांकडे आले. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"सर! मताचे माइल भेटतात जी! जनमभर फुकट वाटत बसलो आपण."

"पण हे सगळं इंग्रजीत आहे," गोपाळकृष्ण म्हणाले.

"म्हनून तर तुमच्याकडं आलो. तुमी वाचा, मी मत देतो. रागिणीच्या मायले माह्या मतावर इमानात बसवतो का नाई पहा."

मैनाबाईंना हे कळलं तेव्हा त्या हसून हसून खोकल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत. हे तिकीट ना लेकीच्या पैशाचं होतं, ना म्हशीच्या.

संध्याकाळी गोपाळकृष्णांच्या ओट्यावर बैठक बसू लागली. गोपाळकृष्ण चष्मा सावरून प्रश्न वाचायचे, अर्थ सांगायचे. पहिल्याच दिवशी प्रश्न आला लहान मुलांच्या डायपरचा. नत्थुजींना डायपर कुठले ठाऊक? पण ते उठले आणि समोरच्या प्राजक्ताला हाक मारली. तिचं बाळ तेव्हा रांगायला लागलं होतं.

"प्राजक्ता, बाई, तुह्या पोराचं लंगोट गळते का?"

"काका, हळू! गल्ली ऐकून राहिली ना!"

"ऐकू दे. कंपनीले पायजे हाय."

मोटारीचा प्रश्न आला की रात्रपाळीला टॅक्सी चालवणाऱ्या किशोरला विचारायचं. केसांच्या तेलाचा आला की शेजारच्या लांबसडक केसांच्या इंदूबाईला. कपड्याच्या साबणाचा आला की गोपाळकृष्णांच्या पत्नी कुंदाबाई आतूनच ओरडायच्या, "त्यांना म्हणावं, फेस फार, मळ तसाच!" आणि नत्थुजी खूश होऊन ते जसंच्या तसं भरायला लावायचे. पुन्हा एकदा त्यांच्याभोवती पब्लिक जमलं होतं.

गोपाळकृष्णांनाही ते सोडत नसत. "सर, हे बिस्किट तुमाले कसं वाटते?"

"मला काही… सांगता येणार नाही हो."

"हे पहा! ते बी लिहून ठेवलं हाय याच्यात. सहमत नाई, असहमत बी नाई. खास तुमच्यासाठी सोय केली कंपनीनं."

एकदा गोपाळकृष्ण चाचरत म्हणाले होते, "नत्थुजी, त्यांना बहुतेक फक्त तुमचं एकट्याचं मत हवं असेल."

"एकट्याचं मत काय कामाचं जी? एकटा मानूस तर कायबी बोलते. चार जनाईले विचारून सांगितलं तर ते खरं."

गोपाळकृष्णांना ते पटलं. आयुष्यभर डब्याने ठरवलेलंच खरं मानत आलेल्या माणसाला ते पटणारच.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. माइल साठत होते. रागिणीने सांगितलं, अजून थोडे झाले की जाऊन-येऊन दोघांचं तिकीट निघेल. मैनाबाईंनी कपाटातली जांभळी साडी काढून इस्त्रीला दिली. तेव्हा नत्थुजी सकाळीच येऊन ओट्यावर बसू लागले.

आणि एका संध्याकाळी खातं उघडेना. मेल आली होती. गोपाळकृष्णांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"काय म्हनतात?"

"म्हणतात, तुमची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत." गोपाळकृष्णांचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला तान्हं बाळ आहे. तुमच्याकडे तीन गाड्या आहेत. तुमचे केस कमरेपर्यंत आहेत आणि ते गळतात. तुम्ही निवृत्त आहात आणि रात्रपाळीला जाता. अशी व्यक्ती असू शकत नाही, म्हणून खातं बंद."

नत्थुजींनी टकलावरून हात फिरवला. "पन एक बी खोटं नाई सांगितलं जी," ते म्हणाले. "हे सारं हाय ना गल्लीत."

त्या दिवशी ते घरी गेले नाहीत लवकर. मैनाबाईंना काय सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं; आणि हे मात्र त्यांनी कोणालाच विचारलं नाही.

गोपाळकृष्णांनी कंपनीला पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीत चार ओळींच्या वर लिहायची सवय नव्हती. दोन दिवस लागले. आमच्याकडे मत कसं ठरतं, हे त्यांनी इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. हिरव्या स्कूटरचं लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. उत्तर आलं ते गोड भाषेतलं नकाराचं.

सुटका झाली ती रागिणीच्या फोनने. दर महिन्याला जे माइल विमान कंपनीकडे आधीच जमा झाले होते, ते कोणी काढून घेतले नव्हते. तेवढ्या माइलांत एका माणसाचं, एका बाजूचं तिकीट निघत होतं. नागपूर ते बंगलोर.

"एकट्या जातीन का त्या?" नत्थुजींनी गोपाळकृष्णांना विचारलं. मग स्वतःच घरी जाऊन खरं काय ते सगळं सांगितलं. खातं बंद झाल्याचंही.

मैनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमच्या मतावर नाई, गल्लीच्या मतावर जाऊन राहिली मी."

"हाव."

"मंग जातो. गल्लीचं तिकीट वाया कावून घालवायचं?"

निघायच्या दिवशी पहाटे अख्खी गल्ली किशोरच्या गाडीभोवती. प्राजक्ता बाळाला कडेवर घेऊन म्हणाली, "काकू, खिडकीची जागा घ्या. ती आमच्या डायपरची आहे." इंदूबाई म्हणाली, तर मग इमानाचा पंख माह्या तेलाचा. मैनाबाई जांभळ्या साडीत, ताठ. पदराचं टोक तेवढं मुठीतून सुटत नव्हतं.

दुपारी फोन आला. नत्थुजींनी तो स्पीकरवर ठेवला.

"कसं वाटलं?"

"कान दुखले. अन चहाचे पैसे मांगतात हो! पन रागिणीची गॅलरी मोठी हाय. फोनवर समजतच नव्हती."

दुसऱ्या दिवशी विमान कंपनीचीच मेल आली: आपला प्रवास कसा झाला, दहापैकी गुण द्या. गोपाळकृष्णांनी वाचून दाखवली आणि सवयीने प्राजक्ताच्या घराकडे पाहिलं. नत्थुजी म्हणाले, "नाई जी. हे पब्लिकचं काम नाई." त्यांनी बंगलोरला फोन लावला. पलीकडे मैनाबाई आधी चकित झाल्या, मग विचार करून म्हणाल्या, "सात द्या. तीन चहाचे कापा." गोपाळकृष्णांनी सात भरले. नत्थुजी पुष्कळ वेळ त्या सातच्या आकड्याकडे बघत बसले होते.

मैनाबाई तिथे रमल्या. थंडी सुरू झाली तेव्हा नत्थुजी त्यांच्या सोबतीला म्हणून निघाले, रेल्वेने. येताना दोघं मिळून, मुक्काम करत करत यायचं ठरलं होतं. ते आले नाहीत. पौषातल्या एका सकाळी, बंगलोरच्या त्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या बसल्याच ते गेले. मैनाबाई जावयाबरोबर परतल्या.

गोपाळकृष्णांना आठवतो तो त्या निघायच्या दिवशीचा बडनेऱ्याचा फलाट. नत्थुजींना आधी नागपूर गाठायचं होतं, तिथून पुढची गाडी. हातात पिशवी, पिशवीत भावाच्या बागेतली संत्री. गाडी थांबली तशी गर्दी झाली. गोपाळकृष्णांनी पिशवी वर दिली. नत्थुजींना दाराशीच जागा मिळाली.

"पाण्याची बाटली घेतली ना?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"घेतली जी. तुमी जा आता, ऊन चढून राहिलं."

"सुटू द्या गाडी."

गाडी हलली. नत्थुजी वाकून ओरडले, "सर, जातानी दूध घेऊन जाजा. आज दूधवाला येनार नाई म्हने."

"बरं," गोपाळकृष्ण म्हणाले.