विमलबाईंच्या ओट्यावर मेथी निवडताना

विमलबाई शेळके चिखलीच्या एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं वसुलीला होत्या. लोकांनी कर्ज घ्यायचं, हप्ता थकला की बाईंनी त्यांच्या दारात जाऊन बसायचं, असा तो धंदा. आता निवृत्त झाल्यावर त्या आपल्याच ओट्यावर बसून कर्जात बुडालेल्यांना सल्ला देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. यावर गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात, सौ चूहे खाके बिल्ली हज को चली. काही म्हणतात, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. मी आधी पहिल्या मताचा होतो. नंतर मलाच तो ओटा चढावा लागला.

नोकरीत असताना बाईंनी कधी कुणाच्या दारात आवाज चढवला नाही. त्या जाऊन पाणी मागायच्या. मग घरात कोणती भाजी आहे विचारायच्या आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढून घरच्या बाईबरोबर निवडायला बसायच्या. कर्जदार तोवर माळ्यावर, गच्चीवर किंवा संडासात असायचा. दोन जुड्या निवडून होईपर्यंत त्याचा धीर टिकायचा, पण भाजीला लसणाची फोडणी बसली की तो आपोआप खाली यायचा. मग बाई त्याला म्हणायच्या, या, बसा, आता किती देता ते सांगा. त्यांच्या पतसंस्थेची थकबाकी तालुक्यात सगळ्यात कमी होती, असं त्या स्वतः सांगतात. खरंखोटं त्यांनाच माहीत, पण मेथी निवडण्यात त्यांचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही.

आता माझ्याविषयी. मी अनंत डोणगावकर, इथल्या एका शाळेत क्लार्क. देवानं मला रूप बेताचं दिलं, पण आवाज दिला. त्यामुळे गेली पंधरा वर्षं ओळखीपाळखीच्या लग्नांत आहेर पुकारायचं काम माझ्याकडे असतं. आमच्याकडे आहेराचं पाकीट गुपचूप देत नाहीत. शेजारी एक जण वहीत नाव लिहितो आणि दुसरा माईकवर सांगतो, अमक्या गावचे अमके, त्यांच्याकडून पाचशे एक रुपये. तो दुसरा म्हणजे मी.

घोळ इथेच झाला. दुसऱ्यांचे पाचशे एक, अकराशे एक खणखणीत आवाजात पुकारायचे आणि मग आपल्या नावापुढे एकशे एक म्हणायचं, हे माझ्या जिभेला जमेना. एका वर्षी पाचशे एक केले. पुढच्या वर्षी अकराशे एक. भाचीच्या लग्नात मामाचा आहेर म्हणून फ्रिज दिला, तोही हप्त्यावर, आणि पुकारताना कंपनीचं नाव दोनदा घेतलं. पहिलं कर्ज आहेरांनी काढलं, दुसरं पहिल्याचे हप्ते भरायला काढलं आणि पुढची आपली वाट आपणच शोधत आली. पाच ठिकाणचे मिळून सहा लाख झाले. निम्मा पगार हातात येण्याआधीच कापला जायचा आणि उरलेला पाच तारखेला संपायचा. बायकोला, शरयूला, यातलं फक्त फ्रिजचं माहीत होतं.

गेल्या श्रावणात एका खाजगी फायनान्सवाल्यानं मला मार्ग दाखवला. तो म्हणाला, पाचही कर्जं मिटवून टाका, आम्ही एकच मोठं देतो, फक्त एखादी जागा तारण द्या. जागा होती. खामगाव रोडचा प्लॉट, शरयूच्या नावावर, तिच्या वडिलांनी दिलेला. तिथं दोन खोल्या बांधायच्या आणि दारात पारिजातक लावायचा, हे ती लग्नापासून म्हणत आली आहे. मी कागद घरी आणले आणि तिला सांगितलं की शाळेचा फॉर्म आहे, रविवारपर्यंत सही करून ठेव. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

त्या कर्जाला जामीनदारही हवा होता, त्याचा कागद वेगळा, तो माझ्या खिशात होता. म्हणून मी आमच्या शाळेतल्या गणिताच्या धम्मरत्न सरांना गाठलं. माझ्या पतसंस्थेच्या कर्जाला तेच जामीन होते आणि वर त्यांचे तीस हजार हातउसने माझ्याकडे होते. त्यांनी कागद वाचला, व्याज तोंडी काढलं, कागद माझ्या खिशात परत ठेवला आणि मला गाडीवर बसवून विमलबाईंच्या ओट्यावर नेऊन सोडलं.

बाईंनी मला पाणी दिलं आणि समोर मेथी टाकली. मी म्हटलं, मला जरा महत्त्वाचं बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, बोला की, निवडता निवडता बोला. हात गुंतले की तोंड खरं बोलते, असा त्यांचा सिद्धांत आहे. पहिल्या जुडीला मी दोन लाख कबूल केले. दुसऱ्या जुडीला चार. तिसरी संपेपर्यंत मोबाइलवरून घेतलेलं कर्जसुद्धा बाहेर आलं. त्याचं व्याज माझं मलाच धड माहीत नव्हतं.

मग मी खिशातला नवा कागद काढला आणि शरयूच्या प्लॉटचं सांगितलं. बाईंनी तो हातातही घेतला नाही.

"भांड्याले पाच भोकं आहेत, अनंतभाऊ, अन् ते सांधायसाठी तुमी सहावं पाडून राह्यले," त्या म्हणाल्या. "सल्ला फुकट देतो मी. पण या कर्जाले बायकोची सही घेतली, तं पुन्हा या ओट्यावर येऊ नका."

त्यानंतर त्यांनी मला एका कागदावर सगळं लिहायला लावलं. कुणाचं किती, व्याज काय, महिन्याचा हप्ता किती, आणि जामीन कोण. मी रक्कम जरा खाली ओढून लिहिली की त्या मेथीची काडी माझ्या बोटावर मारायच्या. घराचं भाडं, वीज, किराणा आणि आमच्या मुलीची, इराची, अकरावीची फी यांना पहिला मान. त्यातून उरेल ते सगळ्यांना थोडं थोडं, आणि वर काही सुटलं तर ज्याचं व्याज सगळ्यात जास्त चावतं त्याला, म्हणजे मोबाइलवाल्याला. जिथं हप्ता झेपत नाही तिथं तो थकायच्या आत आपण होऊन जायचं, मुदत वाढवून मागायची, लेखी अर्ज द्यायचा आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. नवं कर्ज बंद. वसुलीवाल्यानं सकाळी आठच्या आधी नि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो, हेही मला तिथंच कळलं. मोबाइलवाला साडेसहाला उठवायचा आणि मी त्याला सर, सर म्हणायचो.

घरातलं काय विकू, असं मी विचारलं, तेव्हा बाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, ज्याच्यावर कमाई होते ते सोडून काहीबी विका. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका बाईचं शिलाई मशीन जप्त करून आणलं होतं. साहेबांनी शाबासकी दिली. पण ती बाई हप्ता त्या मशीनवरच कमावत होती, त्यामुळे हप्ता कायमचाच बंद पडला. लिलावात मशीन अठराशेला गेलं. घेणाऱ्या खुद्द विमलबाईच होत्या. त्यांनी ते रिक्षात घालून त्या बाईला परत नेऊन दिलं. तिनं तीन वर्षांत कर्ज फेडलं आणि अजूनही ती बाईंना दर दिवाळीला ब्लाउज शिवून देते. गळा दरवर्षी वाकडा असतो, पण बाई तोच ब्लाउज घालतात. मी पाहिलं, त्या दिवशीही गळा वाकडाच होता.

निघताना त्यांनी शेवटचं काम सांगितलं. ही यादी आज शरयूताईले वाचून दाखवा. मी म्हटलं, यादी तिच्या हातात देतो, ती वाचेल. त्या म्हणाल्या, देऊ नका, वाचा. तुमाले तर आवाज दिला आहे देवानं.

संध्याकाळी मी दोन जुड्या मेथी घेऊन घरी गेलो आणि स्वयंपाकघरात फतकल मारून निवडायला बसलो. लग्नाच्या अठरा वर्षांत मी भाजीला हात लावला नव्हता. शरयूनं गॅस बंद केला आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

मी यादी काढली. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. दोनदा खाकरलो. आणि मग काय झालं कोण जाणे, जो एक आवाज मला पंधरा वर्षं सवयीचा होता, तोच बाहेर पडला. लग्नातला.

"चिखलीची पगारदार पतसंस्था, त्यांच्याकडून तीन लाख वीस हजार रुपये. बुलढाण्याची बँक, त्यांच्याकडून एक लाख पंच्याऐंशी हजार."

शरयूला आधी हसू फुटलं. तिला वाटलं, मी नक्कल करतोय. मोबाइलवाल्यापाशी तिचं हसू थांबलं. धम्मरत्न सरांच्या नावाला ती खाली बसली. मी फ्रिज आणि वर किराणा दुकानाच्या उधारीपर्यंत सगळं पुकारलं. आतल्या खोलीत इरानं पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

"आणि तो शाळेचा फॉर्म?" शरयूनं विचारलं.

मी खरं सांगितलं. तिनं देवघराच्या फळीवरून कागद काढले, घडी घातली आणि माझ्या हातात दिले.

"कर्ज झालं याचा राग नाही मला," ती म्हणाली. "माझी सही तुम्ही मला फसवून घेणार होता, याचा आहे."

मला फार लाज वाटली. आणि त्या लाजेतसुद्धा, कितीतरी वर्षांनी, अंगावरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीठ हवं असलं तरी इरामार्फत मागायची. पाचव्या दिवशी म्हणाली, चला, मला त्या बाईंकडे न्या. तिथं दोघींचं पाच मिनिटांत जमलं. यादी त्यांनी आपसात घेतली आणि मेथी माझ्याकडे सरकवली.

त्यानंतरचे महिने मी अर्ज लिहिण्यात घालवले. बाई आधी ओट्यावर मॅनेजर व्हायच्या आणि माझी तालीम घ्यायच्या. मी रडगाणं सुरू केलं की म्हणायच्या, रडू नका, आकडा सांगा. बँकेनं पहिला अर्ज नाकारला, दुसरा घेतला. पतसंस्थेनं मुदत वाढवली. मोठा टीव्ही विकून मोबाइलवाल्याचा हिशेब बंद केला. अजून साडेचार वर्षं जायची आहेत, पण पगार आता वीस तारखेपर्यंत तग धरतो.

एकच गोष्ट अडली होती. शरयू आणि बाईंनी मिळून ठरवलं की यापुढे आहेर एकशे एक, लग्न कुणाचंही असो. मी म्हटलं, माईक माझ्या हातात असतो हो. बाई म्हणाल्या, "मंग माईक सोडा, नाही तं अकराशे सोडा." माईक मला सोडवेना.

आणि नेमकं वैशाखात देऊळघाटच्या उकंडरावांच्या मुलीचं, पूनमचं, लग्न निघालं. उकंडरावांनी इराच्या बारशाला, त्या काळात, पाचशे एक रुपये आणि पितळी घागर दिली होती. वर आहेर पुकारायला मलाच बोलावणं. त्या दिवशी माझ्या दोन खिशांत दोन पाकिटं होती. डाव्या खिशात एकशे एक. उजव्या खिशात अकराशे एक. हे दुसरं पाकीट मी चहा-पानाचे पैसे वाचवून, शरयूला न सांगता भरलं होतं. असू द्यावं, वेळ सांगून येत नाही.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आहेर सुरू झाला. मी पुकारत होतो आणि मनात खिसे बदलत होतो. समोर बायकांच्या पंगतीत शरयू बसली होती. ती जेवत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. माझा नंबर आला. वही लिहिणारा पेन रोखून थांबला. माझ्या मागेच धम्मरत्न सर पाकीट घेऊन उभे होते. माझा हात उजव्या खिशात गेला, पाकीट चाचपलं, आणि तिथून रिकामा बाहेर आला.

"चिखलीचे अनंत डोणगावकर," मी म्हणालो, आणि घसा न खाकरता पुढे म्हणालो, "त्यांच्याकडून एकशे एक रुपये."

मला वाटलं होतं, मांडव थांबेल. मांडवात कुणीही मान वर केली नाही. एका पंगतीला वांग्याची भाजी पोहोचली नव्हती, तिचा आरडाओरडा चालू होता. उकंडराव वरण-बट्टीवर तूप वाढत होते. ज्या कानांसाठी मी सहा लाख केले, ते सगळे कान जेवत होते.

ऐकलं फक्त मागच्या माणसानं. धम्मरत्न सर माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "माह्याही नावापुढं एकशे एकच म्हण बे." त्यांनी पाकिटातून पाचशेची नोट काढून घेतली आणि शंभरावर रुपया ठेवला. त्यांच्या मागच्यानं ते पाहिलं. त्याच्या मागच्यानंही पाहिलं. नऊ जण सलग एकशे एकचे झाले, तेव्हा वही लिहिणारा म्हणाला, "काऊन गा, आज भाव पडला काय?"

संध्याकाळी आम्ही एसटीनं परत निघालो, शरयूचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. गाडी फाट्यावर आली तेव्हा तिनं खिडकीबाहेर पाहत माझ्यापुढे नुसता तळहात धरला. मी उजव्या खिशातलं पाकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते न मोजता पर्समध्ये टाकलं.

"सरांचे द्यायचेत ना, त्यात धरू," ती म्हणाली. मग म्हणाली, "आज आवाज छान लागला होता तुमचा."