पाळीवरची रेंज

पवनीत मोबाइल कंपनीच्या काउंटरवर बसायला लागल्यापासून मला किस्से गोळा करावे लागले नाहीत. ते टोकन घेऊन स्वतःच येतात! आणि एक पक्कं कळलंय, फोन बिघडला म्हणून आमच्याकडे कोणी तक्रार करत नाही. कारण वेगळंच असतं.

*

एक विणकर काका आले. त्यांच्या नंबरवर कॉलर ट्यून म्हणून आपोआप एक उडतं गाणं बसलं होतं. ऐकू येणार फोन करणाऱ्याला, काकांना पत्ताच नाही.

"मॅडम, व्याही विचारून राहिले, या वयात हे काय? आत्ताच्या आत्ता काढा!"

मी काढायला घेतलं, तर हळूच म्हणाले, "एकदा मलेही ऐकू द्या नं."

*

सानगडीचे एक दुकानदार. महिनाभर नेट रखडत होतं, पण चकार शब्द नाही. आले ते धाकट्या भावाचं नेट पळायला लागल्यावर! "एकाच आवारात राहतो. माह्या फोनवर चक्री फिरते अन् त्याच्या फोनवर पिच्चर चालते!"

म्हटलं, दोन दिवस लागतील.

"मग तोपर्यंत त्याचंही बंद ठेवा!"

*

दिघोरीचं मात्र मला वाईट वाटायचं. टॉवर बिघडलेला, गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. सगळे तिथेच जाऊन बोलायचे, तक्रार एकाचीही नाही. आमचे साहेब म्हणायचे, "तक्रार नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही!" मला इतका राग यायचा!

एक दिवस दिघोरीच्या देवकाबाई आल्या, लालबुंद होऊन. त्यांच्या पोरीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती, अर्थातच पाळीवरून.

"मी पोराच्या बापाशी बोलून राहिली, अन् मागून ते रोज पाळीवर बसणारे सुखदेव आबा म्हणतात, 'लय ताणू नको, हो म्हणून टाक!' तिकडं ऐकू गेलं नं मॅडम! तेव्हापासून त्यायचा फोन नाही."

मी तक्रारीच्या फॉर्मचा अख्खा गठ्ठाच त्यांच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी गावातल्या बायकांकडून सगळे भरून परत! कारणाच्या रकान्यात प्रत्येकीने एकच लिहिलेलं: 'घरचं बोलणं घरात राहत नाही.'

गठ्ठा साहेबांच्या टेबलावर आपटला. आठवड्यात टॉवर सुरू! देवकाबाईंचा पहिला फोन मला आला. "मॅडम, चुलीजवळून बोलून राहिली!" मी काउंटरवरच टाळ्या वाजवल्या.

*

पुढच्याच सोमवारी सुखदेव आबा हजर. "तक्रारीचा फॉर्म द्या."

"काहून आबा? रेंज नाही का?"

"रेंज भरपूर हाये. पण पाळीवर कुत्रं फिरकत नाही! देवकाच्या पोरीचं जमलं का नाही, हे मले आता कोण सांगते?" आबांचा चेहरा खरंच उतरला होता. "माह्या तोंडानं मोडलं असंल तर?"

मी तिथूनच देवकाबाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"जमलं मॅडम! पक्कं झालं! पण गावात आत्ताच कोणाले सांगू नका."

आबांनी कोरा फॉर्म टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि दिघोरीची गाडी पकडायला घाईघाईने निघाले.