डॅशकॅम चालूच होता

या ग्रुपवर राँग साइडने येणाऱ्यांचे व्हिडिओ टाकणारा तो मीच. माझ्या डॅशकॅमचं तुम्हीच कौतुक करता, म्हणून आजचं तुम्हालाच सांगतो.

सकाळी बिबवेवाडीत दूध आणायला निघालो. दुकान चालत पाच मिनिटांवर, पण गाडीनेच. समोर एका कारवाल्याने सिग्नल तोडून एका काकांच्या स्कूटरला धडक दिली आणि वर तोच ओरडायला लागला, "सिग्नल यांनी तोडला."

काका लंगडत माझ्या खिडकीशी आले. "अहो, तुमच्याकडे कॅमेरा दिसतोय. चौकीत तेवढं दाखवाल का?"

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. जबाब, तारखा, रजा, सगळं डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, "काका, कॅमेरा बंद पडलाय."

"असू दे. तुम्हाला उगाच थांबवलं," म्हणाले.

घरी येऊन क्लिप पाहिली. सिग्नल स्वच्छ दिसतोय, गाडीचा नंबरही. आणि शेवटी माझा आवाज: "काका, कॅमेरा बंद पडलाय."

पोलीस चौकी दुधाच्या दुकानाशेजारीच आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर आता गेला असता का? खरं सांगू, तुमची उत्तरं येईपर्यंत जावं लागणार नाही, म्हणूनच विचारतोय.