हाकेला ओ

धुकं असं दाट होतं की समोरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती; तिच्यावरचा दिवा तेवढा हवेत टांगल्यासारखा दिसत होता. दमट हवेत शिलाई मशीनचा चामडी पट्टा सैल पडतो. मग पायडल कितीही मारा, चाक आपलं जागच्या जागी कुरकुरत बसतं. म्हणून सकाळचं पहिलं काम ठरलेलं: पट्टा उतरवायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा, नखाएवढा तुकडा कापायचा आणि तारेचा आकडा पुन्हा ठोकून घ्यायचा. भोंग्यानं ते सगळं केलं, मशीनला तेल सोडलं आणि एका कोटाचं फाटकं अस्तर उसवायला घेतलं. तोंडात टाचण्या होत्या. शेजारच्या टेबलावर तिचा नवरा इस्त्री तापवत होता. टाचण्या तोंडात असतात तेवढीच आपल्या कानांना सुट्टी, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि तेही तिच्यादेखत.

भोंगा हे नाव नणंदेनं पाडलेलं. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा हिनं मागच्या अंगणातून कुणाला तरी हाक मारली, आणि पलीकडच्या कारखान्यातली माणसं सुट्टी झाली समजून डबे गोळा करायला लागली, अशी नणंदेची हकीगत. खरीखोटी देव जाणे, पण नाव चिकटलं. तसं ‘जरा हळू’ हे तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. लहानपणी आई म्हणायची, शाळेत बाई म्हणायच्या, दवाखान्यात नर्स म्हणाली. एकदा फोनवर पलीकडचा माणूस म्हणाला, बाई, फोन खाली ठेवून बोललात तरी पोचेल. सगळ्यात जास्त अवघडायची ती लेक. लेक समोरच्याच चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि चार वाजले की भोंगा दुकानाच्या पायरीवर उभी राहून रस्ता ओलांडून तिला चहाला हाक मारायची. लेक कधी ओ द्यायची नाही. लहानपणीही दिली नव्हती. नुसती येऊन उभी राहायची, मान खाली घालून.

हाच गळा एक दिवस कामाला आला, त्याला कारण वरचे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर काही तरुण मंडळी व्हिडिओ गेम बनवायची. त्यातला एक आवाजवाला, म्हणजे गेममधले पावलांचे, वाऱ्याचे, दारांचे आवाज जमवणारा, उंच आणि पाठीत वाकलेला. जॅकेटची चेन बदलायला तो खाली आला तेव्हा त्यानं विचारलं, काकू, आमच्यासाठी एक हाक माराल का?

झालं होतं असं. घराघरात बघितलेला एक कौटुंबिक सिनेमा होता. भाऊ आणि बहीण सुट्टीत डोंगरातल्या एका खोऱ्यात राहायला जातात, हरवलेला घोडा शोधत दिवसभर भटकतात, आणि संध्याकाळी आई दारात उभी राहून हाक मारते. त्या सिनेमावरून वरच्यांनी गेम केला होता. सगळं खोरं मोकळं. नदीत उतरा, पडक्या चक्कीत शिरा, टेकडीवर झोपून राहा, कुणी विचारत नाही. फक्त दिवस मावळला की आई बोलावणार, आणि तिचा आवाज येईल ती घराची दिशा. सिनेमातल्या नटीचा आवाज गोड होता, पण तो फाटकापर्यंतच पोचायचा. आवाजवाल्याला खोऱ्याच्या त्या टोकापर्यंत जाणारा आवाज हवा होता, आणि तसला एक तो रोज चार वाजता खिडकीतून ऐकत होता.

पहिला प्रयत्न फसला. स्पंज लावलेल्या खोलीत, मोठाले हेडफोन कानावर चढवून भोंगा उभी राहिली आणि जन्मभराची शिकवण आठवून मांजरासारखी बोलली. आवाजवाल्यानं कपाळाला हात लावला. मग तो माइक घेऊन गच्चीच्या पार टोकाला गेला, तिला खाली मागच्या अंगणात उभं केलं आणि म्हणाला, काकू, तुमची लेक आठ वर्षांची आहे, अंधार पडतोय आणि ती सापडत नाहीये.

भोंग्यानं डोळे मिटले. “येऽऽ गं... घरीऽऽ...” कबुतरं उडाली. चार खिडक्या उघडल्या. गल्लीत पानपट्टीवर गप्पा ठोकत उभे असलेले दोन बापये काही न बोलता आपापल्या घराकडे चालायला लागले. मग तिनं भावासाठी ‘ये रे’ केलं, मग चिडलेली हाक, मग ‘आता मीच येते तिकडं’ अशी धमकावणी. वरून आवाजवाल्यानं दोन्ही हात हलवले. बास म्हणून नव्हे. अजून एकदा म्हणून. अजून एकदा ओरडा, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

गेम बाजारात आला. रोज संध्याकाळी लेक दुकानातून आली की फोनवर लोकांची मतं वाचून दाखवायची. खोरं बघून डोळे निवले. नदी झकास, मासे मूर्ख. घोडा पायऱ्या चढत नाही, बाकी सगळं छान. आमचे आजोबा नुसते नदीकाठी बसतात, त्यांना काही शोधायचंच नाही. आईचा आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला. हे शेवटचं लेक दोनदा वाचायची. भोंगा गल्लीभर सांगून आली. नवरा गिऱ्हाइकांना इस्त्रीचे कपडे देताना सांगायला लागला की पावतीवर सही आमची नव्हे, कलाकाराची घ्या.

तर त्या धुक्याच्या सकाळी नणंद आली. पँटची उंची कमी करायची होती, पण पँट पिशवीतून बाहेर निघायच्या आधी फोन निघाला.

“वहिनी, मला तर बाई वाईट वाटलं,” असं अगदी आनंदानं म्हणून तिनं वाचायला सुरुवात केली. ही बाई बंद करायचं बटण कुठं आहे? मासा गळाला लागतो आणि ही बोंबलते. मी टीव्हीचा आवाज बंद करून खेळतो. कुणीतरी हिला जरा हळू बोलायला सांगा.

भोंग्यानं एकेक करून तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. इतके दिवस लेक वेचून वेचून वाचत होती हे तिच्या ध्यानात आलं. ती नणंदेला एवढंच म्हणाली की पँट परवा मिळेल. नवऱ्यानं इस्त्री उभी केली आणि बहिणीकडे असं बघितलं की तिनं फोन पिशवीत टाकला.

दुपारी वरून बोलावणं आलं. वरच्यांची प्रमुख, केस बारीक कापलेली, हळू बोलणारी बाई, हिला खुर्ची देऊन आपण उभी राहिली. आडवळण न घेता तिनं सांगितलं की तक्रारी फार आहेत. पुढच्या अपडेटमध्ये हाक काढून तिथं हलकी शीळ टाकायचं चाललंय. दुसरीकडून कळण्याआधी आम्हीच सांगावं म्हणून बोलावलं. आवाजवाला कोपऱ्यात वायर गुंडाळत उभा होता, वर बघत नव्हता.

भोंगा भांडली नाही. हळू बोल हे तिला काही नवं नव्हतं. पण गच्चीवरून हललेले ते दोन हात तिच्या डोळ्यांपुढून जाईनात.

“काढा,” ती म्हणाली. “पण आधी सगळं वाचून दाखवा. गोड तेवढं लेकीनं वाचलं, कडू तेवढं नणंदेनं. मला अख्खं ऐकू दे.”

आवाजवाला वाचायला बसला. बस्त्यातल्या कपड्यांची यादी वाचावी तशा सपाट सुरात वाचत होता, शिव्या आल्या की अडखळायचा, आणि भोंगा म्हणायची, वाचा हो, काही नवीन नाही. एकानं लिहिलं होतं की या बाईमुळं त्याचा कुत्रा टीव्हीच्या मागं जाऊन बसतो. एकीनं लिहिलं होतं की मला नकाशा बघून कळत नाही, मी आवाजाच्या मागं मागं जाते. एक म्हणे, आमच्या घरात अशी हाक मारणारं कुणी नव्हतं, म्हणून मी मुद्दाम उशिरापर्यंत नदीवर थांबतो. भोंग्यानं पदराऐवजी गळ्यातल्या मापाच्या फितीचं टोक डोळ्याला लावलं. आणि मग एक लांबलचक मत आलं. लिहिणारी ट्रक चालवणारी होती. तिचं म्हणणं असं, की आवाज सुरेख आहे, चूक आवाजात नाही. ही माउली हाका मारते, आणि मी टेकडीवरून धावत निघालेली असते, तरी ती हाका मारतच राहते, कारण मला ‘आले’ म्हणता येत नाही. घोड्यावर बसायला बटण आहे, पाण्यात दगड मारायला बटण आहे, ओ द्यायला नाही. ओ दिली की कुठलीही आई गप्प बसते. या बिचारीला तुम्ही दारात उभं करून ठेवलंय.

प्रमुख बाईनं आवाजवाल्याला विचारलं, खेळणारा घरात पाऊल ठेवेपर्यंत हाक थांबत नाही, हे कुणी ठरवलं?

“मीच,” तो म्हणाला. कान लाल झाले होते. “मी वसतिगृहात वाढलो. आमच्याकडे घंटा होती. शेवटचा पोरगा आत येईपर्यंत वाजायची. घंटेला कोण ओ देतं?”

भोंगा त्याच्याकडे बघत राहिली. एवढा वाकून का चालतो हा, असं तिला नेहमी वाटायचं. मग ती हसली, आणि तिचं हसणं हाकेहून काही लहान नव्हतं. “अरे माझ्या राजा,” ती म्हणाली, “मग मला घंटा करून ठेवलीस होय?”

प्रमुख बाईही हसली, पण शब्द तिनं दिला नाही. ओ द्यायचं बटण करून बघू, लोकांपुढे ठेवू, तरीही तक्रारी राहिल्या तर शीळ. भोंगा बरं म्हणून खाली आली.

पुढचे काही दिवस ती खरोखरच हळू बोलली. ठरवून नाही, आवाज वर निघायचा आणि घशातच बसायचा. चार वाजता पायरीवर उभी राहायची आणि रस्ता ओलांडून लेकीला बोलवायला स्वतः जायची. गल्ली बेचैन झाली. चहावाला विचारून गेला, वहिनींना बरं नाही का? त्याची घड्याळं चुकायला लागली होती. नवऱ्यानं पहिल्या दिवशी शांततेचं कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी तो सारखा दाराकडे बघायला लागला, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं एका गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला. “अगं, काहीतरी बोल,” तो म्हणाला, “नाहीतर मला वाटतं दुकानात मी एकटाच आहे.”

त्या संध्याकाळी अपडेट आलं. आवाजवाला दोन दोन पायऱ्या एकदम उतरत खाली आला. मागून लेक आली, दुकान लवकर बंद करून. इस्त्रीच्या टेबलावर फोन ठेवून तिघं त्याच्याभोवती वाकली, भोंगा लांब उभी राहिली. ती म्हणाली, तूच वाच, पण वेचू नकोस.

लेकीनं वाचलं. बटण दाबलं, पोरगी ‘ओ, आलेऽ’ म्हणाली, आई गप्प झाली, मला उगाच रडू आलं. मासा पकडता पकडता ओ देता येते, भांडण मिटलं. कुत्रा बाहेर आला. मला अजूनही नको आहे, पण चालेल. घोडा अजून पायऱ्या चढत नाही. ट्रकवालीनं लिहिलं होतं, आता ठीक. खाली एकानं लिहिलं होतं, हा आवाज ज्यांचा आहे त्यांना माझा नमस्कार सांगा.

आवाजवाला म्हणाला, प्रमुख बाईंनी शीळ पुसून टाकली. हाक राहिली.

भोंग्यानं हात जोडले. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. नमस्कार लिहिणाऱ्याला, ट्रकवालीला, आणि ‘ही बाई बंद करा’ लिहिणाऱ्यालाही. त्याला त्रास झाला नसता तर ट्रकवालीचं एवढं लांबलचक कुणी वाचलं असतं? ओळख ना देख, कुठल्या कुठं बसलेली माणसं, आणि संध्याकाळ झाली की तिला ओ देत होती.

लेकीनं फोन बंद केला नाही. एक राहिलं, म्हणाली. मग वाचलं. बटण छान आहे. मी दाबत नाही. दाबलं की ती थांबते ना.

“हे काय आणि?” भोंगा म्हणाली.

“मी पण म्हणूनच ओ देत नव्हते,” लेक म्हणाली. ती फोनकडेच बघत होती. “लहानपणी पाण्याच्या टाकीमागं बसून ऐकायचे. तू किती वेळ हाका मारतेस ते. लाज वाटायची हे खरंय, ती नंतर. आधी ते.”

नवरा इस्त्रीची तार उगाच सरळ करायला लागला. आवाजवाला म्हणाला, काकू, मी वर जातो, आणि गेला नाही. भोंग्यानं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाठीत एक धपाटा घातला, दोन्ही एकाच दमात.

“घसा सुकायचा माझा,” ती म्हणाली, जुन्या आवाजात, आणि पलीकडच्या पानपट्टीवर कुणीतरी मान वर केली.

मग ती स्टुलावर बसली. सकाळी कुणीतरी एक शाळेचा शर्ट टाकून गेलं होतं, गळ्याचं बटण तुटलेलं. तिनं बटणांचा डबा मांडीवर उपडा केला आणि त्याच पांढऱ्यातलं, त्याच मापाचं, चार भोकांचं शोधायला लागली.